सगळ्यांचं जेवण झाल्यावर

माझ्या आईला जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं ते भर समुद्रात. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि आई सत्तरीला टेकली होती.

बाई काहीतरी तिखटमीठ लावून सांगतेय, असं कुणाला वाटेल. तसं नाही. आमच्या लातूरच्या घरात आधी अप्पा जेवायचे, मग आम्ही दोघं भावंडं, मग आलं-गेलं, मग अप्पांच्या कापड दुकानातली माणसं, आणि सगळ्यांचं उरकल्यावर आई. स्वयंपाकघरात ओट्याच्या आड, दाराकडे पाठ करून ती दहा-पंधरा मिनिटं बसायची. तेवढ्या वेळात आम्ही कुणी आत जायचो नाही. तसं कुणी बजावलेलं नव्हतं, पण जायचो नाही. पाणी हवं असलं तर बाहेरूनच ओरडायचो आणि ती ताटावरून उठून डाव्या हातानं तांब्या पुढे करायची. ती ताटात काय घेते, किती घेते, आधी भात खाते की भाकरी, हे आम्हाला माहीत नव्हतं आणि माहीत नाही हेही कधी जाणवलं नाही.

लग्नानंतर मी नांदेडला आले. नवरा रेल्वेच्या ऑफिसात, मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरी सगळे एका टेबलावर जेवतात, आणि त्याचा मला भारी ताठा होता. लातूरला गेले की मी आईला सुनवायची, "आता तरी बस की आमच्यासोबत." ती म्हणायची, "तुमचं होऊ द्या आधी." मग मी पोटभर जेवून घ्यायची. माझं सुधारलेपण तेवढ्यापुरतंच होतं.

अप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. माझा धाकटा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं ठरवलं की हॉल, हारतुरे, पंगती काही नकोत, सगळ्यांनी क्रूझवर जायचं. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप आणि गोवा करून पाचव्या दिवशी परत, आणि शेवटच्या संध्याकाळी जहाजावरच अप्पांचा केक कापायचा. माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नाही, मुलीची बारावी होती, म्हणून मी एकटीच निघाले. भाऊ, भावजय, अप्पा, आई आणि मी, अशी पाच माणसं.

अप्पांनी निम्म्या लातूरला सांगून ठेवलं, "बोटीवर चाललोय बरं का." आईनं मात्र एवढंच विचारलं, "तिथं स्वयंपाक कोण करतं?"

भाऊ हसला. "अगं, शंभर-दीडशे आचारी असतात."

"मंग मी काय करू?"

या तिच्या प्रश्नावर आम्ही सगळेच हसलो. भावजयीनं तर तो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला.

त्याआधीचे तीन-चार महिने आई मला फोनवर एकच गोष्ट सांगत होती: येताना केळी आण. अर्धापूरची केळी आमच्याकडे नांदेडला घरोघर असतात. मी दर खेपेला चांगली पिकलेली दोन-तीन डझन घेऊन जायची. आईनं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागत होती, याचं मला इतकं कौतुक की मी शाळेतल्या बायकांनाही सांगितलं. केळी एवढी लागतात कशाला, हे मात्र विचारलं नाही.

मुंबईच्या बंदरात आत शिरताना सामान तपासत होते. बाहेरचं खायचं काही न्यायचं नाही असा तिथला नियम. आईनं धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं सगळं बांधून आणलं होतं. ते सगळं तिनं निमूट काढून दिलं. पण तिच्या हातातल्या पिशवीत एक स्टीलचा डबा होता, घट्ट झाकणाचा, तो मात्र ती सोडेना.

"काय आहे यात?" तपासणाऱ्या माणसानं विचारलं.

"पीठ हाय ओ साहेब. सातूचं पीठ. नुसतं दुधात कालवून घ्यायचं."

"नाही चालणार, मावशी."

"माझ्यापुरतं हाय. कुणाला देणार न्हाई मी."

आमची आई, जी भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही, ती युनिफॉर्ममधल्या माणसाशी वाद घालत होती. मागे रांग खोळंबली होती. लोक चुळबुळ करायला लागले. अप्पा दुसरीकडे बघायला लागले. भाऊ म्हणाला, "आई, तिथं चोवीस तास खायला मिळतं गं, कंटाळशील खाऊन खाऊन." तरी ती डबा छातीशी धरून उभी. मग मी पुढे झाले. "काय हे आई, लोक बघतायत," असं म्हणत मी तिच्या हातातून तो डबा ओढून घेतला आणि टेबलावर आपटला. झाकण उडालं. थोडं पीठ टेबलावर सांडलं, आणि त्या माणसानं ते फडक्यानं पुसून घेतलं.

आई पुढे चालायला लागली. मला वाटलं, रुसली.

जहाज म्हणजे एक चकाचक बाजारच होता. अकरा मजले, गालिचे, लिफ्टमध्ये गाणी, पोहायचा तलाव, आणि जिकडे बघावं तिकडे खाणं. माझ्या आणि आईच्या खोलीत कुणीतरी टॉवेलची घडी घालून त्याचा हंस करून पलंगावर ठेवला होता. आईनं तो हंस उचलून कपाटात नीट ठेवला, मोडू नये म्हणून. जहाजाच्या त्या सगळ्या थाटात तिला आवडलेलं मला दिसलं ते एवढंच.

पहिल्या दुपारी बुफेला गेलो. पन्नासेक पदार्थ मांडलेले, शाकाहारी वेगळं, जैन वेगळं. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही, म्हणून आई काय खाईल ही धास्ती भावानं आधीच घेतली होती आणि जैन काउंटर दाखवून तो मोकळा झाला. आम्ही ताटं भरून बसलो. आई बसेना. ती अप्पांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि त्यांच्या ताटातलं काही संपलं की जाऊन आणायला लागली. दोन वेटर येऊन तिला म्हणाले, "मॅडम, तुम्ही बसा, आम्ही आणतो." ती ओशाळून बाजूला सरकायची आणि ते गेले की पुन्हा उभी.

"काय करायलीस तिथं? बस की," अप्पा खेकसले.

ती बसली. भावजयीनं तिच्यापुढे पुलाव आणि पनीर आणून ठेवलं. तिनं घास घेतला, तो बराच वेळ तोंडात घोळवला, पाण्याचा मोठा घोट घेतला आणि थांबली. मग दुसऱ्या घासाऐवजी पनीरचे तुकडे एकेक करून अप्पांच्या ताटात सरकवले. भाऊ मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. "बघा, आईसाहेब जहाजावर पण वाढायच्या थांबत नाहीत!" आम्ही हसलो. त्या व्हिडिओत मीही हसताना दिसते. अजून तो भावाच्या फोनमध्ये आहे, पण आम्ही कुणी तो उघडत नाही.

संध्याकाळचं जेवण मोठ्या हॉलमध्ये असायचं. तिथं प्रत्येक कुटुंबाला ठरलेलं टेबल आणि ठरलेला वेटर. आमच्या टेबलाचा वेटर पन्नाशीचा, कानशिलं पांढरी झालेला, सावकाश चालणारा माणूस होता. त्यानं सगळ्यांच्या मांडीवर रुमाल पसरले. आईनं तिचा रुमाल उचलून घडी घातली आणि परत टेबलावर ठेवला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या कपाळावरचं भस्म पाहिलं आणि कानडीत काहीतरी विचारलं.

आईचा चेहरा उजळला. तिचं माहेर निलंग्याच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून. माहेरी कानडी बोलायचे. लग्न होऊन लातूरला आल्यावर तिचं कानडी सुटलं, कारण अप्पांना ते आवडत नसे. त्यांना वाटायचं, बायको आपल्याबद्दल काही बोलते. आम्हा मुलांनाही चार शब्दांपलीकडे येत नाही. तो माणूस विजापूरकडचा निघाला. तो तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायला लागला. भाज्यांची ताटं ठेवता-उचलताना दोघांचं काही ना काही चालू. अप्पा म्हणाले, "घ्या, हिला इथंबी माहेर मिळालं." सगळं छान चाललंय असंच मला वाटत होतं.

जेवण झाल्यावर मी तिच्या खुर्चीकडे पाहिलं तर तिच्या बशीखाली कागदी रुमालाची गाठोडी होती. पोळीचे तुकडे त्यात गुंडाळून ठेवलेले. मला तो शुद्ध गावंढळपणा वाटला. खोलीत आल्यावर मी तिला झापलं. "आवडत नसेल तर सांग ना. अन्न असं लपवून टाकतात का? तो माणूस काय म्हणत असेल?"

"उद्या खाते," आई म्हणाली. लहान पोरीसारखं. मी दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली. समुद्र जरा हलत होता, निम्म्या जहाजाला तेच झालं होतं, त्यामुळे आम्ही निदान करून टाकलं: बोट लागली. भावानं काउंटरवरून गोळ्या आणल्या. आईनं दर वेळी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि आमची पाठ फिरल्यावर हातात काढून घेतली. हे मला नंतर कळलं, खोली आवरणाऱ्या बाईला उशीखाली तीन गोळ्या सापडल्या तेव्हा. आम्ही सगळे डेकवर फोटो काढत होतो. आई खोलीतच थांबली होती. त्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी जेवायला बसलो तर वेटरनं कुणी काही सांगायच्या आत आईपुढे एक खोलगट वाटी ठेवली. डाळीचं पाणी, गाळलेलं. आम्हाला त्यानं मेनू दिला, तिला दिला नाही. आई चमच्यानं ते पाणी प्यायली, अगदी हळू, आणि वाटी संपवली. मग त्यानं दुसरी वाटी आणली.

भावजय माझ्या कानात म्हणाली, "बघा, आपलं नाही ऐकलं, त्याचं ऐकलं." तिच्या बोलण्यात कुचकेपणा होता, पण माझ्या मनातही तेच आलं होतं.

तिसऱ्या दिवशी लक्षद्वीपच्या बेटावर उतरायचं होतं. आई म्हणाली, "तुम्ही जा, मी पडते जरा." आम्ही गेलो. निळं पाणी बघितलं, शहाळं प्यायलो. दुपारी परत आलो आणि मी एकटीच चहा घ्यायला वर गेले. तिथं तो वेटर भेटला, ड्युटी संपवून निघालेला. तो आधी पुढे गेला, मग वळून परत आला.

"ताई, रागावू नका. अव्वा कधीपासून जेवत न्हाई?"

"बोट लागलीय तिला," मी म्हणाले.

"बोटीचं न्हाई हे." त्याचं मराठी कानडी वळणाचं, शब्द जपून वापरणारं. "बोट लागलेलं माणूस अन्न बघितलं की तोंड फिरवतं. अव्वा अन्नाकडं बघत बसते. तिला भूक हाय. घास तोंडात घेते, पाणी पिते, मग इथं हात ठेवून थांबते." त्यानं आपल्या छातीच्या मध्यावर हात ठेवला. "बावीस वर्षं मी लोकांना जेवताना बघतोय, ताई. तेच काम हाय माझं. कोण काय टाकतं, कोण काय ठेवतं, सगळं दिसतं. मी अव्वाला विचारलं. ती बोलली, गंटलदाग इळ्यूदिल्ल."

एवढं कानडी मला कळत होतं. घशातून उतरत नाही.

"आणि मला बोलली, साहेबांचा वाढदिवस होऊ दे, तवर कुणाला सांगू नको. मी हो म्हटलं. पण दोन दिवस झोप न्हाई मला."

मी त्याचे आभार मानायला हवे होते. मला राग आला. एका परक्या माणसानं, पगारी माणसानं, माझ्याच आईबद्दल मला सांगावं याचा राग. मी म्हणाले, "आमचं आम्ही बघू." तो मान हलवून निघून गेला.

मी खाली खोलीत आले. आई पलंगावर बसून पदराची किनार चिमटीत धरून बघत होती. मी समोर बसले आणि विचारलं, "कधीपासून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "दिवाळीच्या फराळापासून. शेव अडकली एक बार. मला वाटलं, शेवच हाय ती, कडक."

"मग?"

"मग भाकरी जाईना. मग भात. आता पातळ तेवढं जातं. केळ कुस्करून जातं. ते पीठ जात होतं चांगलं."

ते पीठ. मी टेबलावर आपटलेलं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, मार्च अर्धा सरला होता. चार-पाच महिने ही बाई रोज वीस पोळ्या लाटत होती, आम्हाला आग्रह करकरून वाढत होती आणि मागे बसून दुधात कालवलेलं पीठ पीत होती.

"सांगितलं का नाहीस, आई?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मला वाटलं, कुणाला दिसलं तर विचारतील," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "पण दिसणार कसं? मी तर सगळ्यांचं झाल्यावर बसते."

दहावीच्या वर्गाला मी दरवर्षी अन्ननलिका शिकवते. खडूनं फळ्यावर काढते, बाण दाखवते, घास खाली कसा सरकतो ते मुलांकडून पाठ करून घेते. त्या खोलीत बसून मला ती आकृती डोळ्यांपुढे दिसत होती आणि मला स्वतःची शिसारी आली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली, जणू दुखणं माझंच होतं. "तुझ्या अप्पाला परवापर्यंत सांगू नको," एवढंच तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल केलं. भावालासुद्धा सांगितलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी हॉलमध्ये दिवे मंद केले. सात-आठ वेटर टाळ्या वाजवत केक घेऊन आले. अप्पा नवीन सफारी घालून उभे राहिले. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही टाळ्या वाजवत होते. भाऊ शूटिंग करत होता, भावजय मेणबत्त्या सांभाळत होती. त्या गडबडीत आमचा वेटर मागून आला आणि आईपुढे काचेची वाटी ठेवली. पिवळं, मऊ कस्टर्ड. तो मला म्हणाला, "अंडं न्हाई त्यात. आत उभं राहून करून घेतलंय." काल मी त्याच्याशी कशी वागले होते ते त्याच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. तो आईकडे वळून तिला जेवा म्हणाला. "ऊटा माडरी, अव्वा."

आईनं चमचा भरला, तोंडात घेतला आणि डोळे मिटले. मी तिच्या शेजारी बसले होते. सगळ्यांचं लक्ष केककडे होतं, माझं तिच्याकडे. घास खाली गेला. तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "गेला की." मग दुसरा चमचा. ती पदराचं टोक डाव्या हातात धरून तोंडाशी नेते, हे मी तेव्हा पाहिलं. चमचा दोन्ही बाजूंनी चाटते. कडेचं आधी खाते आणि मधलं शेवटी ठेवते. एकेक चमचा करत तिनं वाटी संपवली आणि वेटरला हळूच विचारलं, "आणखी असंल का रं?" त्यानं दुसरी आणली. ती पण तिनं संपवली.

केकचा तुकडा घेऊन अप्पा तिच्याकडे आले. "घे." तिनं हातात घेतला आणि नेहमीसारखा बाजूला ठेवला. अप्पा पुढच्या टेबलाकडे वळले.

मुंबईत उतरल्यावर गाडीत मी सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी लातूरला दुर्बिणीनं तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरलंय?" नंतर कपाटात बघितलं तर तिचे सगळे ब्लाउज आतून उसवून, आवळून शिवलेले. एकेका ब्लाउजला तीन-तीन टिपा. अप्पा जन्मभर कापड विकत आले. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की नुसत्या नजरेनं सांगायचे, याला सव्वादोन मीटर लागेल. ते त्या ब्लाउजांच्या ढिगापुढे पलंगावर बसून राहिले आणि एकेका टिपेवरून बोट फिरवत राहिले.

कॅन्सर होता. अन्ननलिकेचा, पुढे गेलेला. डॉक्टर म्हणाले, दिवाळीलाच आला असता तर बरंच काही करता आलं असतं. हे वाक्य ते का बोलले असतील? आमचं भलं व्हावं म्हणून नक्कीच नाही. पण खरं होतं आणि आम्ही ते ऐकून घेतलं.

शेवटचे तीन महिने आई माझ्याकडे नांदेडला होती. अप्पा लातूरहून येऊन-जाऊन असायचे. नाकातून नळी घातलेली. दर दोन तासांनी दूध, डाळीचं पाणी, केळ्याचं पातळ, असं सिरिंजनं सोडायचं. आता आम्ही सगळे तिच्याभोवती बसायचो, माझा नवरा, माझी मुलगी, आठवड्याला येणारा भाऊ. एक थेंब आत जाताना चार माणसं बघायची. तिला ते अवघड व्हायचं. ती तोंड भिंतीकडे फिरवायची. आणि दुपारच्या, संध्याकाळच्या वेळेला मी सिरिंज भरून आणली की ती माझा हात धरायची.

"तुमचं झालं का सगळ्यांचं?"

"झालं, आई."

"खरं?"

मी एक-दोनदा खोटं बोलले. तिनं ओळखलं आणि हात सोडला नाही. मग आम्ही आधी जेवायचो, तिच्या खोलीतच ताटं घेऊन, तिला दिसावं म्हणून. ती एकेकाच्या ताटाकडे बघायची. मुलीनं भात टाकला तर हातानं खुणावायची. सगळ्यांची ताटं उचलली गेली की मग ती मान माझ्याकडे करायची. एका दुपारी असंच जेवून आम्ही ताटं उचलली, मी हात धुऊन सिरिंज घेऊन आले, तेव्हा ती गेलेली होती.

आम्ही तिला लातूरला नेलं. आमच्यात दफन करतात. तिसऱ्या दिवशी समाधीवर निवद न्यायचा होता. अप्पांची बहीण, म्हणजे माझी आत्या, हिनं ओट्यावर केळीचं पान मांडलं आणि सगळ्यांना विचारलं, "वहिनीला काय काय आवडायचं ते सांगा. तेवढं पानात वाढू."

स्वयंपाकघरात आम्ही सात-आठ जण होतो.

"धपाटे," भाऊ म्हणाला. धपाटे त्याला आवडतात.

"पुरणपोळी," आत्याच म्हणाली. ती अप्पांना आवडते.

"केळी," भावजय म्हणाली. "सारख्या ताईंकडे मागायच्या की."

"आवडत नव्हती केळी," मी म्हणाले, बहुतेक फार जोरात. "केळी तेवढी उतरत होती तिला."

भावजय रडायला लागली. तिचा काय दोष? मी तिची माफीसुद्धा मागितली नाही. मी चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, कस्टर्डच्या पावडरीचा पुडा आणला, दूध तापवलं आणि ढवळत उभी राहिले. गुठळ्या होऊ दिल्या नाहीत. सगळं गाळून घेतलं, काही गरज नसताना. वाटीत ओतून ती वाटी घेऊन निघाले तर अप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्या दारातून आत यायची त्यांना सवय नव्हती.

"काय हाय हे?"

"कस्टर्ड. जहाजावर खाल्लं होतं तिनं. दोन वाट्या."

"कवा?"

"तुम्ही केक कापत होता तेव्हा."

अप्पांनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि दोन्ही हातांत धरली. गरम होती, तरी खाली ठेवली नाही. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली होती त्यांच्या.

"तिला गोड आवडायचं व्हय?" त्यांनी मला विचारलं.